पिसांच्या जॅकेटाचा पूर्वपक्ष

सर, एक गंभीर तक्रार आहे, आणि ती शांतपणे ऐकून घेईल असा माणूस सध्या तुमच्याखेरीज माझ्या ओळखीत नाही. आज सकाळी माझ्या चहात हंसाचं पीस निघालं. चातुर्मासात कांद्याला न शिवणाऱ्या घरात हंस शिरला आहे, तोही अंगावर घालायला. लेकीने हिमालयातल्या चढाईसाठी जॅकेट आणलंय. त्याच्या आत हंसाच्या पोटाकडची मऊ पिसं भरलेली असतात. शिवणीतून एखादं निसटतं आणि पंख्याच्या वाऱ्यावर तरंगत नेमकं माझ्या कपात उतरतं. हंस दूध आणि पाणी वेगळं करतो असं तुम्ही आम्हाला शिकवलंत. क्षमा असावी, पण तुमची माहिती अपुरी होती. या हंसाला नुसतं पाणी लागलं तरी तो कामातून जातो. पिसं भिजून त्यांचे गोळे होतात आणि ऊब संपते. चहातलं दूधही त्याने वेगळं केलं नाही, हे नमूद करतो.

तुम्ही गेलात तेव्हा ही जन्मायची होती, म्हणून सांगतो. आठवडाभर हिंजवडीला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते आणि रविवारी सह्याद्रीच्या कुठल्यातरी कड्यावर दोराला लटकते. संस्कृत शिकून हा खाणार काय, असा तुमच्या घरी काकूंना माझ्याबद्दल प्रश्न पडायचा. पुढे देश खुला झाला, गावात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, आणि त्यांची माहितीपुस्तकं लिहायला कमी शब्दांत लिहिणारा माणूस त्यांना हवा होता. सूत्रं पाठ केल्याचं पुण्य असं पगाराच्या रूपाने फळलं. काकूंना हे कळवायचं राहिलंच.

तुमचा पहाटेचा वर्ग स्वयंपाकघरात भरायचा, कारण थंडीत घरातली तेवढीच खोली उबदार. अजून दिसतं. तुम्ही पाटावर बसला आहात, गळ्याला मफलर, काकू पाठमोऱ्या, पोळ्या लाटताहेत. शेजारच्या मुलाचं म्हणणं मी तावातावाने खोडून काढतो आहे. तुम्ही हात वर करता. "थांबा. ते काय म्हणाले, ते आधी सांगा." मी सांगतो. तुम्ही त्याला विचारता, "हेच म्हणायचं होतं का तुम्हाला?" तो मान हलवून नाही म्हणतो. "मग आपण भांडताय कुणाशी? भिंतीशी?" काकू वळूनही न बघता म्हणतात, "भिंत बरी, गप्प तरी बसते." आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. तो 'होय, हेच' म्हणाला की मगच आपलं तोंड उघडायचं. आणि एकदा उघडलेला वाद निर्णयापर्यंत न्यायचा, मध्ये सोडायचा नाही. हा नियम मी घरी आणला. आमच्याकडे पंख्याच्या वेगापासून लेकीच्या कॉलेजपर्यंत सगळं याच रीतीने ठरलं. बायको या सभेत बसत नाही. तिला कामं असतात.

तर जॅकेट. लेकीचा पक्ष पिसांचा: वजनाला हलकं, ऊब सर्वांत जास्त, दाबलं की पोळीच्या डब्याएवढं होतं. माझा पक्ष सिंथेटिकचा: जरा जड, पिशवीत जागा खातं, पण भिजलं तरी ऊब धरतं, लवकर वाळतं, आणि कड्याला घासून फाटलं तर आतला माल वाऱ्यावर जात नाही. मग रिवाजाप्रमाणे मी तिची बाजू मांडायला बसलो आणि ती माझी. मी वाचत गेलो. फार उंचावर हवा कोरडी असते, बर्फ पिठासारखा भुरभुरतो, झटकला की पडतो, म्हणजे भिजण्याचा धोका खालीच जास्त. आणि वर तर पाठीवरचं थोडंसं वजनही जाणवतं. ती म्हणाली, "बाबा, तंबूत रात्रभर आपल्याच श्वासाने सगळं ओलं होतं, त्याचं काय?" दोघांनी एकमेकांचे पूर्वपक्ष इतके झकास मांडले की कर्वेनगरातल्या दुकानात पोचलो तेव्हा मी पिसांचा झालो होतो आणि ती सिंथेटिकची.

दुकानदार आधी समजूतदार वाटला. मी म्हणालो, "पिसांचं दाखवा." ती म्हणाली, "नको हो, सिंथेटिक." त्याने दोन्ही काढून ठेवली. पिसांचं मी लगेच अंगात चढवलं. ती म्हणाली, "बाबा, मागच्या आठवड्यात तूच म्हणत होतास की पाऊस लागला तर." मी म्हणालो, "तो माझा जुना पक्ष. तू तो माझ्यापेक्षा चांगला मांडलास, पण मी आता तिथे राहत नाही." दुकानदाराने चष्मा काढला. "साहेब, घालणार कोण आहे?" मी तिच्याकडे बोट दाखवलं. "मग आपण कशाला उकडून घेताय? त्या खुर्चीत बसा." अखेर वरच्या कोरड्या थंडीचा मुद्दा टिकला आणि पिसं जिंकली. खाली भिजू नये म्हणून वरून घालायचा पातळ रेनकोट घेतला. दोघंही विजयी मुद्रेने घरी आलो.

बायकोने जॅकेट हातात घेतलं, हलकं लागलं म्हणून जरा चकित झाली. मग घडी घालून खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाली, "छान आहे. हिने जावं का, हे कुठल्या बैठकीत ठरलं?" सर, कुठल्याच नाही. दोन महिने आम्ही पिसांवर बोलत होतो. जावं की न जावं हा विषय कुणी काढलाच नाही. मी तरी का काढला नाही, ते मला ठाऊक आहे. काढला असता तर नियमाप्रमाणे तिची बाजू मला मांडावी लागली असती, आणि ती मी फार चांगली मांडली असती.

एकदा तुम्ही आम्हाला सिंहगडावर नेलंत. दरवाजा दिसायला लागला आणि तुम्ही दगडावर टेकलात. "आमचे गुडघे नको म्हणतायत. तुम्ही जा वर, मी उतरतो." आणि खरंच उतरलात, आमच्याकडे वळूनही न बघता, धोतर सावरत. वर दही खाताना आम्ही हसलो, की वादात इंचभर न हटणारे सर गुडघ्यांशी हरले. ही गोष्ट लेकीला लहानपणी फार आवडायची. मी तुमची चाल करून दाखवायचो आणि ती लोळून हसायची. आमच्या घरात मागे फिरण्याची तेवढी एकच गोष्ट आहे, आणि ती विनोदी आहे.

परवा ती निघते आहे. आत सॅक भरणं चाललंय, बायको लाडू नीट बांधून देते आहे. मी दारात जाऊन विचारलं, "हवा बिघडली तर?" ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' कुणी म्हणत नाही. मग मी इथे येऊन हे लिहायला बसलो. हे पत्र पाठवण्यासारखा तुमचा पत्ता नाही, आणि जिला दाखवायला हवं तिला दाखवणार नाही. जॅकेट उत्तम आहे, थंडीची मला चिंता नाही. शिखर समोर दिसत असताना माझी मुलगी मागे फिरेल का, हे मला माहीत नाही, आणि मला त्याची भीती वाटते.