बॉनेटपुढचे नऊ फूट

दादा,

तुझ्या नव्या गाडीची किल्ली घेऊन मी बसने ऑफिसला जातेय. माझी इलेक्ट्रिक गाडी चार्ज केली आहे. खेळणं म्हणतोस ना, आज तेच ने.

काल संध्याकाळी तुझ्या छोटीच्या उंचीचं स्टूल त्या गाडीच्या धुडापुढे ठेवलं. सीटवर बसून पाहायचे, उतरून ते लांब सरकवायचे, पुन्हा चढायचे. नऊ फुटांवर गेल्यावर ते दिसलं. टेपने मोजलंय.

काल सकाळी निघताना तू काच खाली करून विचारलंस, "छोटी आज टाटा करायला आली नाही?"

ती आली होती. बॉनेटसमोर उभी राहून हात हलवत होती. तू गिअर टाकलास, तेव्हा मी तिला ओढलं.

वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

– तुझी धाकटी बहीण