पदराचे दोन तुकडे

माय, तुझ्या निळ्या लुगड्याचा पदर मी वावरात पुरला. रागावू नको, आधी ऐक.

बाकीचं लुगडं गोधडीत गेलं, पदर तेवढा मी जपून ठेवला होता. पण औंदा भाऊ म्हणाला, "वावर मेलं वो ताई. कितीबी खत टाका, दरसाली सोयाबीन पिवयंच पडते. मक्त्यानं देऊन टाकू." तुझं वावर, आणि दुसऱ्याच्या हाती! मेडशीला कृषी खात्यातल्या बाई सांगून गेल्या होत्या, सुती कापड पुरून पाहा. माती जिवंत असली तर तिच्यातले बारीक जीव ते खाऊन टाकतात. भावाचं जुनं बनियनही चाललं असतं की! पण मला वाटलं, ही माती तुला ओळखते. पेरणी झाल्यावर एक तुकडा वावराच्या मधोमध पुरला, दुसरा वावराच्या कडेला धुऱ्यावर, पळसाखाली, जिथे तू शेण नि पालापाचोळा टाकायचीस. तो पाला भावानं पेटवला तो दिवस अजून दिसतो. तू धावत येतेस, पदरानं आग झोडपतेस. "जाळतं कायले रे? मातीले भूक नाही लागत?" पदराला भोक पडलं ते तेव्हाच.

औंदा आधी मरणाचं ऊन, मग वावर चिबडेल एवढा पाऊस, मग हात जाईल अशा भेगा. वरून तणनाशक. एकेक आलं असतं तर माती सावरली असती गं. सगळं मिळून अंगावर आलं, बिचारी दम कधी घेणार?

पोळ्यानंतर उकरलं. मधला तुकडा जसाच्या तसा, भोकासकट. भावाचा चेहरा पडला. धुऱ्यावर मात्र काठाचे दोन-चार दोरे उरलेले, बाकी फस्त! माती भुसभुशीत, गांडुळं वळवळताहेत. भाऊ तिथंच बसला. "मायची जागा जिती हाय वो. नाही देत मक्त्यानं. शेणखत न् हीच माती मंधात नेऊ." मधला तुकडा पुन्हा तिथंच पुरून पुढच्या साली पाहायचं ठरलं.

मी हो म्हणाले. पण माय, तो तुकडा मातीनं खाल्ला नाही, याचा मला आनंदच झाला होता. तुझी फार आठवण येते गं. तो धुऊन उशाशी ठेवलाय, हा कागदही त्यातच गुंडाळते. वावरात त्याच्या जागी भावाचं बनियन पुरलंय. त्याला सांगू नको.