पलीकडच्या बाईला किल्ली देण्याबाबत

सूनबाई, गुडघ्याची सूज उतरली का? नातीचा खोकला थांबला का? आणि पुतण्या, तुझा रक्तदाब कसा आहे? पुढचं वाचण्याआधी गोळी घे, कारण हे माझं मृत्युपत्र आहे आणि त्यात तुझी खरडपट्टी आहे.

मी, धंद्याने सुतार, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि बऱ्याच रागात हे लिहून ठेवत आहे. राग आला म्हणजे शुद्ध गेली, असं कोणा वकिलाने म्हणू नये.

कलम एक. बँकेतली शिल्लक आणि घरातलं सामानसुमान सूनबाईंचं. माझा मुलगा लढाईत गेल्यावर तिला माहेरी जाता आलं असतं. गेली नाही. यावर कोणी तोंड उघडू नये.

कलम दोन. रंधे, पटाश्या, करवती नातीला. "मुलीला कशाला?" असं पुतण्याची बायको विचारेलच. कारण पोरीचा हात चालतो. तुझ्या नवऱ्याचं तोंडच तेवढं चालतं.

कलम तीन. प्रार्थनाघरासमोरचं हे स्वकष्टार्जित घर. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल.

मुलगा गेला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. लोक जेवण आणत, मी परत पाठवी. मग प्रार्थनाघराचे म्हातारे गुरुजी आले. उपदेश नाही, देवाची मर्जी वगैरे काही नाही. प्रार्थनाघराची किल्ली उशाशी ठेवली.

"उद्या पहाटे दार तू उघडायचंस."

"गुरुजी, मला तुमच्या देवाचं तोंड बघायचं नाही."

"नको बघूस. दार उघड, परत येऊन झोप. नाही उघडलंस तर म्हाताऱ्या थंडीत कुडकुडतील, एवढंच."

उठलो. शिव्या घालत उठलो. आपल्या प्रार्थना-मंडळाची रीतच ती : ज्याचं दुःख सगळ्यात ताजं, किल्ली त्याच्याकडे. माझ्यानंतर ती शिंपीणबाईकडे गेली. तिचं घर जळलं होतं. द्यायला गेलो तर तिने जोडा फेकून मारला. दुसऱ्या दिवशी दार मात्र वेळेवर उघडलं.

आता नदीपलीकडून एक बाई आली आहे, दोन मुलं पुरून. किल्ली तिच्या हक्काची. आणि पुतण्या, मंडळाचे अध्यक्षमहाराज, तुम्ही काय केलंत? मी घडवलेल्या दाराला नवं कुलूप ठोकलंत आणि पहारेकरी बसवलात! भर सभेत म्हणालास, "काका, तिच्याच माणसांनी तुमचा मुलगा मारला."

मला सांगतोस? त्याला मातीत मी ठेवलं. तिची मुलं आपल्या तोफांनी गेली, हे म्हणताना तुझी जीभ का रे अडखळली? तिला धान्याची पिशवी पाठवतोस, वर फोटो काढतोस. पिशवी घ्यायला कोणाला उठावं लागत नाही, गाढवा! ती दुपारपर्यंत पडून असते. मी बघून आलो.

म्हणून हे घर माझ्या पश्चात त्या बाईच्या नावे करत आहे. पुढच्या खोलीत कोणीही, कुठलाही देव मानणारा किंवा न मानणारा, येऊन बसेल. पहाटे दार तिने उघडायचं.

माझ्या मरणापर्यंत तिने पडून राहावं, हे मला मंजूर नाही. काल माझ्या घराची किल्ली तिच्या उशाशी ठेवून आलो. आज पहाटे, माझ्या सांगण्यावरून, शिंपीणबाई आणि चार म्हाताऱ्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी आत जागा होतो, मुद्दाम हललो नाही. बऱ्याच वेळाने कुलूप खडखडलं. ती आत आली आणि मला म्हणाली, "सुतार ना तुम्ही? दार किती करकरतं!"

साक्षीदार : शिंपीणबाई (सही), कोपऱ्यावरचा न्हावी (सही)
लिहून ठेवणार : सुतार (सही)
ठिकाण : माझी पुढची खोली
दिनांक : नऊ फेब्रुवारी, बुधवार

ता. क. पुतण्या, तू माझ्या मांडीवर वाढलास. प्रार्थनाघराचं कुलूप काढून तिथली किल्ली तिला देणार का? होय असेल तर कलम तीन बदलायला मी अजून जिवंत आहे. नाही असेल तर तसं लिही. पण लवकर लिही.