वहिनी, तुझी गाडी घाट चढली

प्रिय वहिनी,

काल तुझी गाडी गायमुखचा घाट चढली. तिसऱ्या गियरमध्ये, मी आणि दादा आत, एसी चालू! कालपासून ही बातमी पोटात घेऊन फिरतोय. दादा जेवून खुर्चीतच झोपलाय, मस्त घोरतोय. म्हटलं, तुला लिहूनच टाकू.

तू गेलीस त्याला आता दीड वर्ष होईल. सुरुवातीचे काही महिने गाडी व्यवस्थित चालली. मग तिचं काहीतरी बिनसलं. मुलुंडच्या गल्ल्यांतून फिरवा, बाजारात न्या, काही तक्रार नाही. पण हायवेवर जरा जोरात पाय दिला, टर्बो इंजिनात हवा कोंबायला लागला, की जिथे तिने उसळी मारायची नेमकी तिथेच ती मान टाकायची.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं वसईला एका बारशाला निघालो होतो. घाटात मागून टेम्पो आला आणि आम्हाला मागे टाकून गेला. विटांनी भरलेला टेम्पो, वहिनी! दादाचा चेहरा बघवेना.

"पेट्रोल खराब असेल," तो म्हणाला.

"दादा, बॉनेट उघडून बघू या का?"

"नको."

का नको, ते मला ठाऊक होतं. आतल्या प्रत्येक स्क्रूवर तुझी खूण आहे ना. आवळून झाला की त्यावर तू तुझ्या मरून नेलपॉलिशची रेघ ओढायचीस. स्क्रू सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली लगेच दिसते, असं आयटीआयतल्या तुझ्या मुलींनाही शिकवायचीस. दादाला त्या रेघा मोडायच्या नव्हत्या.

आणि मी? मीही जोर केला नाही. त्याचं कारण आज तुला सांगतो.

आठवतं, तू गाडीचं ट्यूनिंग करत होतीस ते दिवस? कंपनीने दिलेला टर्बो तोच ठेवून तू हवा थंड करणारी मोठी जाळी बसवलीस, पाइप बदललेस, लॅपटॉप जोडून सेटिंग केलंस, सगळं आपल्या कंपाउंडमध्ये. दर रविवारी सकाळी मला शेजारी बसवून हायवेला न्यायचीस. तू चालवायचीस, मी बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचा, काटा वाचून तुझ्या निळ्या वहीत लिहायचो.

"नित्या, किती?" तू ओरडायचीस.

"चौदा!"

"आता?"

"चौदाच!"

वहिनी, निम्म्या वेळा मी मोबाइलवर मॅचचा स्कोअर बघत होतो गं. तोंडाला येईल तो आकडा ठोकून द्यायचो. त्याच आकड्यांवर तू सेटिंग केलंस, आणि आता माझ्यामुळे इंजिनाची वाट लागली, असं माझ्या मनात घट्ट बसलं होतं. बॉनेट उघडलं तर माझंच पितळ उघडं पडणार होतं. दादाच्या "नको"च्या आड मीही लपलो होतो.

शेवटी दादाच गाडी एका गॅरेजवाल्याकडे घेऊन गेला. त्याने बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "टर्बो गेला. घरी केलेल्या कामाचं असंच होतं. हे सगळं काढून टाका, कंपनीसारखं करून देतो."

दादा घरी आला, चपला न काढता सोफ्यावर बसला. "सगळं काढून टाका म्हणतो," एवढंच बोलला. मग उठला, कपाट उघडलं आणि तुझी ती निळी वही घेऊन आला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

"तिनेच काहीतरी लिहून ठेवलं असेल," म्हणाला आणि पानं उलटू लागला. माझ्या अक्षरातल्या आकड्यांच्या पानावर थांबला. खाली लाल पेनाने तू लिहिलं होतंस, तेही त्याने मोठ्याने वाचलं: "नित्याचे आकडे. धरायचे नाहीत. मोबाइलात डोकं होतं. लॅपटॉपवर परत घेतले."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. आणि मग तो हसायला लागला! ठसका लागेपर्यंत हसला. दीड वर्षात या घरात असं कुणी हसलं नव्हतं.

अगं, कळलं होतं तर बोलली का नाहीस? वर दर रविवारी मलाच उठवायचीस! "मेल्या नित्या, ऊठ, चाय झाली हा!" मी दादाला विचारलं, मग मला न्यायचीच कशाला? तर म्हणतो, "तिला एकटीला कंटाळा यायचा रे."



पुढच्या पानावर सगळं होतं. भार पडल्यावर ताकद गेली तर आधी काटा बघा. आम्ही हायवेला गेलो. तुझ्या हिशेबाने चौदापर्यंत जायला हवा तो काटा आठवर अडखळत होता, आणि समोरून बारीक फुस्स आवाज येत होता. म्हणजे टर्बो जिवंत होता, हवा वाटेत कुठेतरी पळत होती.

मग तू लिहिलेला उपाय. प्लंबिंगच्या दुकानातून दोन बुचं आणली, एकाला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. बंपर उतरवला. टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या टोकांना कंपनीच्या बिनस्क्रूच्या क्लिपा होत्या, त्या काढून दोन्ही तोंडं बुचांनी बंद केली आणि मी सायकलच्या पंपाने हवा भरायला लागलो. दादा साबणाचं पाणी फवारत गुडघ्यांवर बसला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून विचारतात, "काय, गाडीला आंघोळ घालताय?"

"नित्या, थांबू नको, मार पंप!" दादा ओरडला. खालच्या रबरी पाइपाच्या पोटाशी फेस फुगत होता. बोटभर चीर! एरवी बघितली तर दिसतसुद्धा नाही. आतून दाब आला की तोंड उघडते. पाइप शेजारच्या लोखंडी पट्टीवर घासत होता. तूच तसा बसवला होतास, वहिनी. मध्ये रबराचा तुकडा द्यायला विसरलीस.

पाइप काढायला मी स्क्रूड्रायव्हर घेतला, तर दादा म्हणाला, "दे इकडे." पाइप आवळणाऱ्या क्लॅम्पच्या स्क्रूवर तुझी मरून रेघ होती. त्याने अंगठ्याने तिच्यावरची धूळ पुसली. मग फिरवला. रेघ मोडली. "चल," म्हणाला, "पुढचा."

नवा पाइप मध्ये रबराचा तुकडा देऊन बसवला. त्याच्या स्क्रूंसाठी नेलपॉलिश आणायला दादा स्वतः गेला आणि चक्क गुलाबी घेऊन आला! त्याच्या रेघा वाकड्यातिकड्या आल्यात. हसू नकोस.

आणि काल घाट. अर्ध्यावर गाडीने अशी झेप घेतली की दादा "आई गं!" म्हणाला आणि वरपर्यंत नुसता हसत राहिला. वर टपरीवर चहा घेताना मी धीर केला. तुझ्या शेवटच्या बॅचच्या दोघींचा फोन आला होता, मॅडमची गाडी आतून बघायची म्हणून. दादाला विचारायचं मी आठवडाभर टाळत होतो, ते आता विचारलं.

दादाने फुंकर मारून चहाचा घोट घेतला. "दोघीच का? सगळ्यांना बोलाव. आणि नुसतं बघायला नाही, खोलू दे त्यांना."

तर पुढच्या रविवारी तुझ्या मुली येतायत. तो चिरलेला पाइप मी जपून ठेवलाय. शब्द देतो तुला, तो त्यांच्या हातात देईन आणि सरळ सांगेन, "हा तुमच्या मॅडमनी चुकीचा बसवला होता. कुठे चुकलं, शोधा." तू असतीस तर तूही हेच केलं असतंस ना?

तुझा,
नित्या