एकाच स्कूटरवरील जादा आणि अपुऱ्या उजेडाबाबत

प्रति,
मा. वाहनस्थिती पडताळणी अधिकारी,
जिल्हा रस्ता शिस्त कक्ष,
हिंगोली.

अर्जदार : धम्मानंद मुंजाजी वाढवे, वय ४९, शिक्षण एम.ए. (मराठी), कनिष्ठ लिपिक, खाजगी शाळा, रा. कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली.

विषय : अर्जदाराची पत्नी कालकथित सरिता यांच्या स्कूटरसंबंधी आपल्या कक्षाने दिलेल्या दोन कागदांपैकी कोणताही एक रद्द करून "चूक मयत चालकाची" हे शब्द वगळणेबाबत, तसेच जप्त दिवे (१७ नग) परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली जप्ती पावती, दि. ६ फेब्रुवारी २०२५ (शेरा : "जादा व अनधिकृत प्रकाश")
२) आपला अपघात कारण अहवाल, दि. १८ फेब्रुवारी २०२५ (शेरा : "अपुरा प्रकाश. चूक मयत चालकाची")
३) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. उत्तर अप्राप्त.

महोदय,

१. कायद्यापुढे सर्व वाहने समान आहेत, यावर अर्जदाराची पूर्ण श्रद्धा असून शाळेतील संविधान दिनाच्या कार्यक्रमात त्याने हे वाक्य सलग अकरा वर्षे म्हटले आहे. तथापि कुरुंदा शिवारात हळद शिजवण्याचा जो कुकर फिरतो, तो वाहन नसून अवजार आहे, असे आपल्या कक्षातून समजल्यामुळे सदर श्रद्धेतून तेवढा कुकर वगळण्यात यावा.

२. सरिता या आठ वर्षे आशा कार्यकर्ती होत्या. गरोदर बायांची नोंद, लसीकरण, बाळंतिणीच्या घरी फेऱ्या, असे काम. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहणाऱ्या बाईला घड्याळ बघून कळा येत नसल्याने स्कूटर दिवेलागणीलाही बाहेर काढावी लागे. आपण जिल्ह्याच्या ठिकाणी बसता, म्हणून कुकरविषयी थोडे लिहितो. जानेवारी ते मार्च हळद निघते. ती शिजवण्यासाठी चाकांवर बसवलेली मोठाली लोखंडी पिंपे ट्रॅक्टरमागे जोडून या शेतातून त्या शेतात नेतात. शेतात जायला वाट नसली की कुकर रस्त्यावरच लावतात आणि तिथेच हळद शिजते. वाफेने रस्ता भरून जातो. कुकरला मागे दिवा नसतो. त्याऐवजी तीन दगड आणि एक बाभळीची फांदी ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे. हळद शिजली की कुकर जातो, फांदी शेळ्या खातात, दगड राहतात. मार्च २०२४ मध्ये अशाच राहिलेल्या दगडांवर सरिता यांची स्कूटर चढली व त्यांचे डावे मनगट मोडले.

३. पुढच्याच महिन्यात आपल्या कक्षाने अर्जदाराच्या शाळेत सुरक्षा अभियान घेतले. त्यात आपण स्वतः म्हणालात, "आपलं वाहन लांबून दिसलं पाहिजे आणि आपल्याला लांबचं दिसलं पाहिजे." अभियानाचे इतिवृत्त अर्जदारानेच लिहिलेले असल्याने या वाक्याबद्दल वाद नाही. अर्जदाराची चूक एवढीच की, टाळ्या वाजवून घरी न जाता त्याने ते वाक्य अमलात आणले.

४. दिवे बसवण्यासाठी अर्जदार वसमतच्या भीमसिंग यांच्याकडे गेला. भीमसिंग हे वरातीच्या आणि मिरवणुकीच्या गाड्यांना रोषणाई करतात. आमच्या जयंतीची गाडीही तेच सजवतात. अर्जदार त्यांना म्हणाला, लांबून दिसली पाहिजे. ज्या माणसाचा जन्म गोष्टी लांबून दाखवण्यात गेला त्याला असे सांगायचे नसते, हे अर्जदारास नंतर कळले. भीमसिंग म्हणाले, "सर, तुमी निस्ते चहा पेत बसा. नांदेडातून दिसंल अशी करतो."

दोन दिवसांनी स्कूटर मिळाली. पुढे दोन पांढरे आणि दोन पिवळे फॉग लाईट. हँडलखाली एक, आरशांवर दोन, लेगगार्डवर चार. दोन्ही अंगांनी निळ्या पट्ट्या, त्या आपल्या पावतीत दोन नग धरल्या आहेत. मागच्या औषधांच्या पेटीवर लाल आणि निळा असे दोन उघडझाप करणारे, नंबर प्लेटच्या कडेला दोन. याशिवाय मोबाईलचा स्टँड, जाड सीट कव्हर आणि "माता सुरक्षित" लिहिलेला मडफ्लॅप. सरिता यांनी अंगणात स्कूटरभोवती एक चक्कर मारली व त्या म्हणाल्या (शब्द जसेच्या तसे), "काहून येवढे दिवे? म्या बाळंतीण बघायला जाते का वरात काढायला? आता नवरी तेवढी मागं बसवा, म्हंजी झालं." शेजारची माणसे हसली. अर्जदारही हसला. त्यानंतर त्या गिरगावच्या रस्त्याने एक फेरी मारून आल्या, किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाल्या, "दगड दिसले." बावीस वर्षांच्या संसारात अर्जदाराच्या कोणत्याही कामाची झालेली ही एकमेव प्रशंसा असल्याने ती येथे नमूद केली आहे.

५. पुढचे नऊ महिने सदर स्कूटरमुळे कोणासही इजा झाली नाही. रस्त्यात दगड दिसले की सरिता उतरून ते कडेला लावत व पुढे जात. आखाड्यावरच्या चांगुणाबाईंनी कळा येत असलेल्या सुनेला, म्हणजे अंजलीला, दारातून दाखवले होते, "कळ काढ गं माय, ते बघ निळं दिसून राह्यलं. आली आपली सरिताबाई." सबब सदर निळ्या पट्ट्या केवळ शोभेच्या होत्या, हे आपल्या पावतीवरील विधान चांगुणाबाईंना मान्य नाही. त्या अंगठा द्यायला तयार आहेत.

एक प्रकार मात्र घडला व तो लपवण्याचे कारण नाही. जानेवारीत वाळूचा एक टिप्पर समोरून येत होता. लाल-निळी उघडझाप पाहून सरकारी पथक आले अशी चालकाची समजूत झाली. त्याने सगळी वाळू भर रस्त्यात ओतली आणि टिप्पर पळवला. सरिता यांच्या पेटीत त्या वेळी लोहाच्या गोळ्या आणि एक वजनकाटा होता. वाळू पकडण्याची जिल्ह्यातील ती त्या महिन्यातील एकमेव कारवाई असावी. आठ दिवसांत आपल्या कक्षाकडे लेखी तक्रार आली की, एक स्कूटर रस्त्यावर भय निर्माण करते. तक्रारदाराचे नाव अर्जदारास मागूनही मिळाले नाही. अर्जदाराने आग्रह धरला नाही. वाळू अजून तिथेच आहे.

६. दि. ६ फेब्रुवारी रोजी आपल्या पथकाने कुरुंदा फाट्यावर स्कूटर थांबवली आणि सतराही दिवे पकडीने उपटून चाळीस मिनिटांत स्कूटर मूळ स्थितीत आणली. सरकारी काम चाळीस मिनिटांत पूर्ण झालेले अर्जदाराने सेवाकाळात पाहिले नसल्याने पथकाचे अभिनंदन. सरिता यांनी पथकप्रमुखांना एवढेच म्हटले होते, "साहेब, पुढचे दोन तरी ऱ्हाऊ द्या. हळदीचं चालू हाय, कुकर उभे असत्यात." त्यावर त्यांना सांगण्यात आले, "मॅडम, कंपनीनं एक दिवा दिलाय तो विचार करूनच दिलाय ना?" दिवे गोणपाटाच्या पिशवीत भरून, सील करून, पावती देण्यात आली. घरी आल्यावर सरिता यांनी मोकळ्या लोंबणाऱ्या वायरींना चिकटपट्टी लावली.

७. दि. १५ फेब्रुवारी रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास, अंजलीचे लेकरू तपासून परत येताना, सरिता यांची स्कूटर कुकरचालक शिवशंकर यांच्या रस्त्यात उभ्या कुकरमागच्या दगडांवर चढून कुकरवर आदळली. हळद शिजत होती. वाफ होती. शिवशंकर यांनीच त्यांना ट्रॅक्टरवर घालून वसमतला नेले. उपयोग झाला नाही. पंचनाम्यात "मयताचे कपड्यांवर पिवळे डाग, कारण अज्ञात" अशी नोंद आहे. ती हळद होय.

८. दि. १८ रोजी आपल्या कक्षाचा अहवाल आला. त्यात कुकरचालकाने तीन दगड ठेवून योग्य ती खबरदारी घेतल्याचे म्हटले आहे. कुकर अवजार असल्याने त्यास दिवा आवश्यक नाही, असे म्हटले आहे. आणि स्कूटरवरील प्रकाश अपुरा असल्याने उभे अवजार चालकास दिसले नाही, सबब चूक मयत चालकाची, असे म्हटले आहे. म्हणजे बारा दिवसांच्या अंतराने, एकाच अधिकाऱ्याच्या सहीने, एका स्कूटरवर उजेड जादाही होता आणि अपुराही होता. ज्यावर अजिबात नव्हता, त्याचेच तेवढे बरोबर होते.

अर्जदाराने याबाबत समक्ष विचारणा केली असता उत्तर मिळाले, "पहिला कागद जप्तीच्या टेबलाचा हाय, दुसरा अपघाताच्या. दोनी आपल्या आपल्या जागी बराबर हायत. तुमाला नेमकी तकलीफ काय हाय?" सदर दोन टेबले एकमेकांना चिकटून असून त्यांच्यावर एकच पंखा आहे.

तकलीफ पुढीलप्रमाणे. अर्जदाराचे अर्ज शुद्धलेखनासाठी त्याची मुलगी आकांक्षा, इयत्ता बारावी, मोठ्याने वाचून तपासते. ही सवय तिला आईनेच लावली. पहिला अर्ज तपासताना तिने सोबत जोडलेला अहवालही वाचला. शेवटच्या ओळीवर थांबली आणि म्हणाली, "पप्पा, मम्मी नेमकी कुठं चुकली?" अर्जदार एम.ए. असूनही त्यास तो अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला. गेल्या सात महिन्यांत तिने पुन्हा विचारले नाही, पण ती आता अर्ज मनातल्या मनात वाचते. तरी सदर प्रश्न आपल्या कक्षाने रीतसर आवक करून घ्यावा व त्याचे लेखी उत्तर द्यावे. उत्तर नसल्यास तसे लेखी द्यावे.

९. दिव्यांविषयी. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी शिवशंकर अर्जदाराच्या दारात येऊन खाली बसले. मग म्हणाले, "सर, दिवा पाह्यजे व्हता. पण कुकरला दिवा कुठं ऱ्हातो? म्या आजून कोणाच्याच कुकरला दिवा पाह्यला न्हाई." हे खरे आहे. अर्जदारानेही पाहिला नाही. म्हणून आपल्याकडील सतरा दिवे सोडवून त्यांच्या कुकरला लावावेत असे ठरले. भीमसिंग यांनी मजुरी घेणार नाही असे सांगितले.

परवानगी मागितली असता आपल्या कक्षाने तोंडी खुलासा केला की, कुकरला दिवे लावल्यास तो रस्त्यावर वापरायचा आहे असे सिद्ध होऊन तो वाहन ठरेल. वाहन ठरल्यास नोंदणी, विमा, परवाना लागेल आणि तो रस्त्यात उभा करणे गुन्हा होईल. दिवे नाहीत तोवर सर्व कायदेशीर आहे. हे ऐकून शिवशंकर यांनी हात जोडले. "मंग राहूच द्या, सर." अर्जदार त्यांना दोष देत नाही. त्यांनी कायदा ऐकून घेतला व तो पाळला.

१०. याउपर अर्जदाराने बराच विचार केला. कुकरला दिवा लावता येत नाही, कारण मग तो वाहन होतो. स्कूटरला लावता येत नाही, कारण ती आधीच वाहन आहे. राहता राहिले तीन दगड. दगड हे वाहन नाहीत आणि अवजारही नाहीत. आपल्या अहवालात त्यांचा उल्लेख "खबरदारी" असा आहे, आणि खबरदारीवर दिवे लावण्यास मनाई असल्याचे अर्जदाराच्या वाचनात नाही. तरी सदर सतरा दिवे दगडांवर बसवण्याची परवानगी मिळावी. प्रत्येक कुकरमागे तीन दगड धरल्यास पाच कुकर होतात व दोन दिवे उरतात. ते दोन आकांक्षाच्या सायकलला लावण्याचा अर्जदाराचा विचार होता, परंतु आपल्या कक्षाचा अनुभव पाहता तो रद्द केला आहे.

११. दोन कागदांपैकी कोणता रद्द करायचा, ते आपण ठरवावे. उजेड जादा होता असे म्हणणे असेल तर अपुरा म्हणू नये. अपुरा होता असे म्हणणे असेल तर तो कोणी, किती वाजता आणि कोणत्या पकडीने कमी केला, तेही अहवालात लिहावे. यापैकी काहीही केले तरी चूक सरिता यांच्या नावावर राहत नाही. अर्जदाराचे मागणे तेवढेच आहे. हळदीचा पुढचा हंगाम जानेवारीत सुरू होतो, तत्पूर्वी निर्णय व्हावा.

आपल्या कक्षाच्या बाकड्यावरून,
नम्रपणे,

(सही)
धम्मानंद मुंजाजी वाढवे
दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) जप्ती पावतीची प्रत
२) अपघात कारण अहवालाची प्रत
३) सुरक्षा अभियानाच्या इतिवृत्ताची प्रत (आपले वाक्य अधोरेखित)
४) चांगुणाबाईंचा अंगठा
५) घटनास्थळावरील दगड, १ नग

ता.क. अनुक्रमांक ५ आपल्या आवक लिपिकांनी स्वीकारला नाही. दाराला टेकू म्हणून आणला आहे अशी त्यांची समजूत झाली व ते म्हणाले, "दाराला लावलंय की आमी." अर्जदाराने खाली वाकून पाहिले. दाराला गोणपाटाची पिशवी लावलेली आहे. तिच्यावर दि. ६ फेब्रुवारी आणि १७ नग असे लिहिले आहे. सील शाबूत आहे.