कुंडावर सोडलेले पातळ

पुणतांबे,
२ फेब्रुवारी १९७२

श्री. राधाकृष्ण यांस चांगुणाचा नमस्कार.

आईबरोबर तळे, धरणाची भिंत आणि धबधबा पाहून आले, असे मी मागच्या पत्रात लिहिले. ते खोटे नाही. पण आम्ही गेलो होतो तळ्याकाठच्या ऊन पाण्याच्या कुंडासाठी. माझ्या पाठीवर रुपयाएवढा पांढरा डाग आहे. घरात सर्वांना माहीत आहे, आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

लोकांना सहल वाटावी म्हणून आईने मला साखरपुड्याचे मोरपंखी पातळ नेसवले होते. कुंडावरच्या भामाबाई म्हणाल्या, "आलीस त्याच पातळात न्हायचं आन् ते हितंच सोडायचं. घरी नेलंस तर डाग बी मागं येतो."

आई म्हणाली, "अवो, सासरचं पातळ हाय ते."

"मंग सासरी डाग न्यायचाय व्हय?"

मी पातळ सोडले आणि आईच्या जुन्या लुगड्यात घरी आले. डाग होता तेवढाच आहे.

रविवारी आपण आणि सासूबाई येणार. त्यांनी मला तेच पातळ नेसायला सांगितले आहे. आई म्हणते, "उंदरानं कुरतडलं म्हन." मी खरे तेच सांगणार आहे, पण आपण समोर बसलेले असताना. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. कागद वाचून आपण तिकडे भिंगारलाच काय ते ठरवाल आणि निरोप दुसऱ्या कोणाच्या तोंडून येईल. मला तो आपल्या चेहऱ्यावर वाचायचा आहे.

'आपली' लिहावे की नाही, हे रविवारपर्यंत न कळणारी,
चांगुणा