आधी घाम, मग धोंडे

१७ मे २०२६, रविवार

धोंड्याचा महिना आजच लागला आणि आजच निमोण्याहून फोन! म्हाळसा मामींचा — म्हणजे माझ्या सासूबाईंचा. पूनमला त्या चोरून फोन करतात, माझीही खुशाली विचारतात, पण घरी या म्हणायची छाती कधी झाली नव्हती. आज म्हणाल्या, "सात जूनला धोंड्याच्या जेवणाला या दोघं. ह्यांनीच सांगितलंय." मी दोनदा विचारलं. कुणी? मामांनी? "व्हय वो, ह्यांनीच."

रखमाजी मामा, माझे सासरे. लग्नाला चार वर्षं झाली, माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. आमची राहू गावात फुलांची शेती, त्यांचा मेंढरांचा धंदा. पोरीनं कंपनीत कामाला जाऊन परस्पर फूलवाल्याचं पोरगं पसंत केलं, हे त्यांना पचलं नाही. मागचा धोंड्याचा महिना आला तेव्हा कंपनीतले सगळे जावई सासरी जाऊन तुपात बुडवलेले धोंडे हाणून आले, आणि मी कॅन्टीनमध्ये डाळभात. पूनमनं त्या दिवशी घरीच पुरण घातलं आणि रडत रडत धोंडे तळले. कणकेत मीठ दोनदा पडलं होतं. मी चांगले झालेत म्हणालो.

हे जेवण तीन वर्षांनी एकदा येतं. हुकलं की गेलं पुढच्या धोंड्यावर. आणि मामा सत्तरीला टेकलेत.

अडचण एकच. परवा कंपनीच्या मेडिकलमध्ये डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "साखर बॉर्डरवर आहे. गोड बंद. चालायला लागा." तेहतीस वर्षांचा घोडा मी, आणि साखर! विचारलं, मॅडम, एकच दिवस गोड खाल्लं तर? म्हणाल्या, "आधी महिनाभर नीट व्यायाम करा, मग एका दिवसानं काही होत नाही." महिना कुठला, तीनच आठवडे उरलेत. पण चालण्याऐवजी पळालो तर तीन आठवड्यांत महिन्याचं काम होईल की!

पूनमला सांगायचं नाही. तिला कळलं की मामींना कळणार, आणि माझ्या पानात धोंड्यांऐवजी कारलं पडणार. आणि मामा म्हणणार, बघा, आजारी माणूस केला पोरीनं. नको रे बाबा. आधी घाम, मग धोंडे. ठरलं!

१८ मे, सोमवार

पहाटे उठलो. पूनमनं विचारलं, "कुठं निघालास?" तोंडात आलं ते बोललो — कंपनीत पळायची स्पर्धा आहे. "तू? पळणार?" एवढंच म्हणून कूस बदलली.

कारेगावातून एमआयडीसीच्या रस्त्याला लागलो. पहिल्या वळणापर्यंत झकास! दुसऱ्या वळणाला छाती भात्यासारखी. चहाच्या टपरीवरचा बिहारी पोरगा ओरडला, "भैया, बस छूट गई क्या?" मी हात हलवून नाही म्हणालो. त्याला वाटलं हो म्हणालो. त्यानं मागून येणारी कंपनीची बस हात करून थांबवली! ड्रायव्हरनं दार उघडलं. "या साहेब या, एवढं कशाला पळता? आम्ही थांबतो की."

बसायला नको होतं. पण माणूस इतका प्रेमानं बोलावतोय. बसलो. आतल्या पोरांनी सरकून जागा दिली, एकानं पाण्याची बाटली दिली. कुणाची कंपनी तेही ठाऊक नाही. त्यांच्या गेटवर उतरलो आणि परत यायला रिक्षा केली.

पहिला दिवस!

२० मे, बुधवार

पळाल्यावर भूक फार लागते हे कुणी सांगितलं नव्हतं. येताना दोन वडापाव. पळालोय ना, मग काय बिघडतं! घरी येऊन नेहमीचा नाश्ता, कारण पूनमला वडापाव कसे सांगणार?

संध्याकाळी स्टोअरच्या काट्यावर उभा राहिलो. वजन वाढलंय. आमच्या लाइनवरचा बन्सी म्हणाला, "काटा बिघडलाय." बन्सी देवमाणूस आहे.

२४ मे, रविवार

राहूला आईकडं. पूनमनं आल्या आल्या कौतुक सांगितलं — हे रोज पहाटे पळतात. आई घाबरली. "पळत? का? कंपनीनं गाडी काढून घेतली का काय?" स्पर्धा आहे म्हटलं. माझा दंड चाचपून बघितला. "वाळलंय पोरगं माझं." काटा काही म्हणो, आईच्या हाताला मी वाळलेलाच लागतो. मग आमरस. वाटीत नाही, पातेल्यात. नको म्हणून बघितलं तर म्हणाली, "सासरचं धोंडं गोड लागणार, आन् आईचा रस कडू व्हय?" पातेलं रिकामं केलं. उद्या जास्त पळेन.

२५ मे

जास्त पळालो.

२६ मे

गुडघा.

३० मे, शनिवार

बिरदेवचा फोन, पूनमच्या भावाचा. "दाजी, पळताय म्हणं! गावात समद्यांस्नी म्हाईत झालंय, आई सांगत फिरतीय जावाय मोठ्या शर्यतीत हाय." झालं! माझी थाप निमोण्यापर्यंत पोचली, तीही माझ्यापेक्षा जोरात पळून.

मी जपून विचारलं, मामा काय म्हणाले? बिरदेव हसायला लागला. "आप्पा म्हणालं, मेंढरू चुकलं तर माणसानं पळावं. काय चुकलंय त्याचं?"

हसलो, पण दिवसभर ते डोक्यात राहिलं. माझ्याबद्दल चार वर्षांत त्यांनी काढलेलं हे पहिलं वाक्य. आणि खरं सांगायचं तर बरोबर होतं.

फोन ठेवताना बिरदेव म्हणाला, "दाजी, आप्पांचं पण काय तरी बिनसलंय. रोज दिवस उगायच्या आत माळावर जात्यात, घामाघूम हून येत्यात. इचारलं तर अंगावर येत्यात." मेंढरं विकून तीन वर्षं झाली. मग माळावर काम काय? पूनमला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "मी येणार म्हणून राग आला असंल त्यांना. आईनंच जबरदस्ती केली असणार."

मला पण तेच वाटलं. तिला म्हणालो नाही.

२ जून, मंगळवार

वडापाव बंद. गुडघ्याला तेल लावून रोज जातोय. ती बस आता रोज वेग कमी करते. ड्रायव्हर खिडकीतून विचारतो, "साहेब, आज?" मी म्हणतो, नाही. पुढं गेली की पस्तावतो.

६ जून, शनिवार. निमोणे

आलो. मामींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या एक मावशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "ह्योच व्हय पळणारा?" आवाजात निराशा होती.

मामा ओसरीवर होते. मी पाया पडलो. डोक्याला हात लागला की नाही कळलं नाही, पण पाय मागं घेतले नाहीत. मग उठून गोठ्याकडं गेले. जेवायला आमच्याबरोबर बसले नाहीत. पूनम आईजवळ चुलीपुढं बसली आणि उगाच लसूण सोलत राहिली.

उद्या पंगतीला तरी बसतील ना? धोंड्याला जावयाच्या शेजारी सासऱ्यानं बसायचं असतं. ते पान रिकामं राहिलं तर सगळ्या भावकीपुढं पूनमची मान खाली जाईल. मला धोंडे मिळोत न मिळोत, ते पान भरू दे.

७ जून, रविवार. दुपार

पोटावर वही ठेवून लिहितोय. दुसरीकडं कुठं ठेवता येत नाही.

पहाटे उठलो. शेवटची धाव, मग जेवण. आवाज न करता वाडीबाहेर पडलो आणि माळाची वाट धरली. नुकतं फटफटत होतं. टेकाड चढलो आणि थबकलो. समोर मामा. काठी खांद्यावर आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले, आणि ढांगा टाकत चाललेत. मध्येच तोंडानं "हुर्रर्र... हुर्रर्र!" मध्येच एक शीळ. आणि पुढं एकही मेंढरू नाही!

मला घामच फुटला. म्हातारा भ्रमला की काय!

त्यांनी वळून बघितलं. मी हाफचड्डीत, हातात बूट, कारण चढावर बुटात खडा गेला होता.

"कुठं पळताय?" चार वर्षांनी पहिला शब्द!

"कंपनीत स्पर्धा हाय, मामा."

त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं. "कसली? जेवायची?"

माझी थाप तिथंच बसली. सगळं सांगून टाकलं — साखर, डॉक्टर मॅडम, पूनमला न सांगणं. "आजचे धोंडे पोटभर खाता यावेत म्हणून पळतोय मामा. तुमच्या घरी येऊन नको कसं म्हणायचं?"

मामांनी काठी खांद्यावरून खाली घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मलाबी हाय."

"काय?"

"तीच. साकर."

खाली बसले, मलाही बसायला सांगितलं. मेंढरं होती तोवर दरसाल घाटाखाली कोकणात जायचं आणि परत यायचं, पाय कधी थांबले नव्हते. "मेंढरं इकली, खाटंवर बसलो, आन् साकर चढली." डॉक्टरनं चालायला सांगितलं. पण मोकळं चालायला जमेना. "माजं पाय कळपामागं चालत्यात. कळप न्हाई तर जायाचं कुठं? म्हणून हाकतो आपला उगंच. माळावर कोण बघतंय?"

"मामींना ठाऊक न्हाई?"

"येडं हाय का मी! तिला कळलं आसतं तर आज पंगतीला बसू दिलं आसतं? धोंड्याला जावायाशेजारी सासरा लागतो. मागच्या टायमाला बसलो न्हाई. चुकलंच ते. ह्या टायमाला बसायचं आन् दोन घास गोड खायाचं, म्हणून महिना झाला चालतोय."

डोळे भरून आले माझे. खोटं कशाला लिहू! मी तीन आठवडे ज्या पानासाठी पळत होतो, त्याच पानासाठी हा माणूस महिनाभर नसलेली मेंढरं हाकत होता.

"उठा," म्हणाले. "पळू नका, गुडघं जात्याल. चाला. आन् डाव्या अंगाला ऱ्हावा, तिकडची मागं पडत्यात."

आणि मी खरंच डावी बाजू धरली! वर "हुर्रर्र" पण केलं. मामा म्हणाले, "आसं न्हाई, घशातनं." सत्तर वर्षांच्या माणसामागं चालताना माझी जीभ बाहेर आली.

पंगत बसली. मामा आले, माझ्या शेजारच्या पाटावर बसले. पूनम खांबाआड गेली. धोंडे, कटाची आमटी, भजी, कुरडई, वरून तुपाची धार! पहिला धोंडा मी डोळे मिटून खाल्ला. काय सांगू! मीठ एकदाच होतं.

दोघांनी पोट भरेपर्यंत खाल्लं. मग आग्रह सुरू झाला. मामी माझ्या पानात आणखी दोन धोंडे वाढायला वाकल्या, तर मामांनी माझ्या पानावर हात आडवा धरला. "पुरं त्यास्नी." भावकीत कुजबुज! सासरा जावयाच्या पानावर हात धरतो? मामींना वाटलं आता भांडण पेटलं. त्यांनी घाबरून ते दोन्ही धोंडे मामांच्या पानाकडं नेले, तर मी तिकडं हात आडवा घातला. "मामांना नको!" आता सगळेच बघायला लागले. ती शेजारची मावशी म्हणाली, "ह्यांचं काय तरी शिजतंय." मामा इतके हसले की ठसका लागला.

वाणाचा दिवा आणि कपडे मामींनी दिले. मामा नुसतेच म्हणाले, "माजं वाण मागनं देतो."

पूनम सारखी विचारतेय, पहाटे काय झालं? मी म्हणालो, मेंढरं हाकली. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

१० जून

पळत नाही, चालतो. एकट्याला कंटाळा येतो. रस्त्यावर कुणी नाही बघून डावी बाजू धरली. टपरीवरच्या पोरानं बघितलंच!

१५ जून, सोमवार

आज धोंड्याचा महिना सरतोय. पहाटे दार वाजलं. दुधाच्या टेम्पोतून मामा! खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि दारातल्या माझ्या मोटरसायकलला त्यांनी बांधलेल्या दोन जित्याजागत्या मेंढ्या. "तुमचं वाण," म्हणाले. "लेकींसारख्या पोसा." पूनम डोळे चोळत आली. "आप्पा, कारेगावात ह्यांना बांधायचं कुठं?" म्हणाले, "बांधाय न्हाई, चालवाय दिल्यात. मीबी ऱ्हातोय चार दिस, ह्यास्नी हाकाय येत न्हाई धड."

मग उंबरा ओलांडून आत आले. चार वर्षांत पहिल्यांदा. ज्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं, तिथं भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "पूनम, च्या टाक. आमा दोघास्नीबी बिनसाकरंचा."

पूनमनं आधी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मेलो!